अटलांटिकच्या काठी शेंद्रा

विद्यादानाच्या पवित्र हेतूने स्थापन झालेल्या संस्थांनी आपले क्रीडासंघ एका मंडळातून काढून दुसऱ्या मंडळात रुजू करावेत, ह्या फारकतीचे कारण विचारले असता गंभीर मुद्रेने विद्यार्थ्यांच्या हिताकडे बोट दाखवावे, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने दूरचित्रवाणी कंपनीच्या करारनाम्यावर सही करावी, ह्यात अमेरिकेतील सुशिक्षित लोकांस आता काही विशेष वाटेनासे झाले आहे. तिकडे महाविद्यालयांच्या क्रीडामंडळांस कॉन्फरन्स म्हणतात. एका मुलखातील कॉलेजांनी आपापसांत सामने खेळावेत, शेजाऱ्याशी असलेले वैर वर्षातून एकदा मैदानावर चुकते करावे, आणि हरलेल्या संघाने सोमवारच्या तासाला हजर व्हावे, एवढाच काय तो मूळचा व्यवहार. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरचे असे मंडळ 1915 सालापासून नांदत होते आणि पुढे त्यात बारा विद्यापीठे होती. 30 जून 2022 रोजी लॉस एंजेलिसच्या दोन मातब्बर विद्यापीठांनी मध्य-पश्चिमेकडील बिग टेन ह्या मंडळात जाण्याचा मनोदय जाहीर केला आणि अवघ्या चौदा महिन्यांत बारांपैकी दहा घरांनी बिऱ्हाड हलवण्याचे ठरवले. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन तेवढी मागे राहिली. त्यांनी 2024 चा हंगाम दोघांचेच मंडळ म्हणून काढला, आणि त्या मंडळाच्या बैठकीत गणपूर्तीचा प्रश्न कसा सुटत असेल ह्याची कल्पना आमच्या सहकारी संस्थांच्या संचालकांस सहज करता येईल.

बिग टेन मंडळात आज अठरा विद्यापीठे आहेत, आणि नाव बदलण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. ह्या मंडळाने 2022 च्या ऑगस्टमध्ये तीन दूरचित्रवाणी कंपन्यांशी सात वर्षांचा जो करार केला तो सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा होता, आणि एवढ्या रकमेपुढे भूगोलाने नम्र व्हावे हे शास्त्राला धरूनच आहे. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन विद्यापीठे पॅसिफिकच्या वाऱ्यावर वाढलेली. त्यांना घाईघाईत जो आसरा मिळाला तो अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळात, आणि तोही कमी वाट्याच्या अटीवर. त्यांच्यासोबत त्याच मंडळात शिरलेल्या डॅलसच्या एका विद्यापीठाने तर नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील एक छदामही मागणार नाही असे कबूल करून प्रवेश मिळवला. जावई म्हणून घरात घ्या, नऊ दिवाळसण हुकले तरी चालतील, अशी ही उदात्त वृत्ती होय! परंतु आमच्या मनास सर्वांत भावला तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामकांचा निवाडा. लॉस एंजेलिसची शाखा श्रीमंत घरी निघून गेल्यामुळे बर्कलीच्या शाखेचे जे नुकसान झाले त्याची भरपाई म्हणून पहिलीने दुसरीस तीन वर्षे दरसाल एक कोटी डॉलर द्यावेत, असे त्यांनी मे 2024 मध्ये ठरवून दिले. फुटबॉलच्या इतिहासात पोटगीची नोंद ह्यापूर्वी आमच्या वाचनात आलेली नाही.

आता आमचा सुसंस्कृत वाचक मान हलवून म्हणेल, की हे सारे डॉलरच्या मुलखातील थेर आहेत, आपल्याकडे खेळ अजून खेळासाठी खेळला जातो. त्या वाचकास आम्ही 1937 सालच्या मुंबईत नेऊ इच्छितो. धर्मवार संघांचे चौरंगी क्रिकेट सामने त्या वर्षी पंचरंगी झाले, ब्रेबॉर्न स्टेडियम नव्याने उभे राहिले, आणि ह्या मंगल प्रसंगी हिंदूंच्या संघाने स्पर्धेतूनच अंग काढून घेतले. कारण कोणते? धर्म नव्हे, तत्त्व नव्हे, पंचांचा निर्णयही नव्हे. हिंदू जिमखान्यास नव्या स्टेडियमात पुरेशा जागा मिळाल्या नाहीत, म्हणून. खुर्चीच्या संख्येवरून मंडळ सोडण्याचा मान अशा रीतीने महाराष्ट्राच्या राजधानीकडे जातो. ह्या परंपरेचे पुढे विधिमंडळात काय झाले ते क्रीडासदराच्या हद्दीबाहेरचे आहे.

आणि संस्थानिकांचा काळ तर विसरूनच चालणार नाही. नागपुरास जन्मलेले सी. के. नायडू इंदूरच्या होळकरांकडे गेले आणि त्यांच्या फौजेत कर्नल झाले. हुद्दा लष्करी, काम फलंदाजीचे, आणि फळ असे, की होळकरांच्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. आमचे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर बडोद्याकडून खेळले, होळकरांकडून खेळले, महाराष्ट्राकडून खेळले, पुढे रेल्वेकडूनही खेळले, आणि त्यांच्या निष्ठेबद्दल कोणी चौकशी समिती नेमली नाही. त्याच निंबाळकरांनी 1948 च्या डिसेंबरात पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद 443 धावा केल्या. ब्रॅडमनचा 452 धावांचा विक्रम नऊ धावांच्या अंतरावर उभा होता, आणि काठेवाडच्या संघाने नेमक्या त्या वेळी सामना सोडून घरची वाट धरली. मंडळ सोडणारे संघ आम्ही पुष्कळ पाहिले. चालू सामन्यातून इतक्या मुहूर्तावर बाहेर पडण्याची ही कला मात्र पॅसिफिकच्या किनाऱ्यावर अद्याप पोहोचलेली नाही.

हे सारे आम्ही शेंद्र्याच्या संदर्भात सांगत आहोत, आणि त्यास कारण आहे. मराठवाड्यातील जालना रस्त्यावरचे हे गाव मांगीरबाबांच्या यात्रेसाठी पंचक्रोशीत आणि पंचतारांकित औद्योगिक वसाहतीसाठी सरकार दरबारी प्रसिद्ध आहे. गाव जागचे तसूभरही हललेले नाही; त्याची मंडळे मात्र इतक्या वेळा बदलली, की अमेरिकेतील एखाद्या क्रीडासंचालकाने इकडे येऊन शिकवणी घ्यावी. निजामाच्या राज्यात ह्या भागातील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या छायेत होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि इथल्या महाविद्यालयांनी आपले दप्तर, आपले विद्यार्थी आणि आपले हॉकीचे दांडके एका विद्यापीठाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत नेले, तेही एक पाऊल न उचलता. पुढे सप्टेंबर 1994 मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि काल ज्या लातूर-परभणीच्या मुलांच्या खांद्यास खांदा लावून आमची मुले आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या पश्चिम विभागात खेळत होती, ती आज समोरच्या कोर्टात प्रतिपक्ष म्हणून उभी राहिली. कोणी कंपनी मध्ये नव्हती, कोणी करार केला नव्हता. राजपत्रात एक अधिसूचना निघाली आणि मैत्री संपली.

विदर्भाची कथा ह्याहून गोड आहे. 1957-58 पासून रणजीत उतरलेला हा संघ 1960 पासून महाराष्ट्र राज्यात राहतो, पण क्रिकेटच्या नकाशावर तो मध्य विभागात मोडतो. नागपूरचा फलंदाज महाराष्ट्र सरकारच्या तहसील कार्यालयातून रहिवासाचा दाखला घेतो आणि दुलीप करंडकात मुंबईच्याच खेळाडूंविरुद्ध उभा राहतो. ह्या पोरक्या संघाकडे मुंबईचे वासिम जाफर 2015 मध्ये निघून गेले, आणि पुढे त्या संघाने 2017-18, 2018-19 व 2024-25 असा तीन वेळा करंडक जिंकून आपल्या सख्ख्या भावंडांची झोप उडवली. इकडे मुंबईच्याच यशस्वी जयस्वाल ह्यांनी एप्रिल 2025 मध्ये गोव्याकडे जाण्यासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागितले आणि पुढच्याच महिन्यात ते परत घ्यावे अशी दरखास्त केली. हवाबदलासाठी गोव्यास जाऊन लवकर परतण्याची मुंबईकरांची रीत जुनीच आहे. ह्या वेळी प्रवास तेवढा कागदावर झाला.

तात्पर्य सांगण्याची आम्हांस खोड नाही, पण एक शंका फार दिवस छळते आहे. व्यक्ती जातात, राज्ये जातात, कारखाने जातात. मग आमच्या कॉलेजांचे संघ आपल्या मंडळाशी एवढे एकनिष्ठ कसे? कायद्याने प्रत्येक महाविद्यालय आपापल्या जिल्ह्यानुसार विद्यापीठास जखडलेले आहे, हे उत्तर खरे असले तरी अपुरे वाटते, कारण कायद्यास वळसा घालण्याची विद्या आम्हांस परकी नाही. जुलै महिन्यात एखाद्या गावच्या चढाईपटूस फी माफ, वसतिगृह माफ आणि मेस माफ करून, ज्या विषयाचे नाव त्याने प्रवेशअर्जावरच प्रथम वाचले अशा विषयात पदव्युत्तर पदवीसाठी दाखल करून घेणे, आणि विद्यापीठीय स्पर्धेची पंचविशीची वयोमर्यादा ओलांडेपर्यंत त्याच्या ज्ञानतृष्णेस एकामागून एक अभ्यासक्रम पुरवीत राहणे, हे कौशल्य आमच्या क्रीडाविभागांनी कधीच साध्य केले आहे. खेळाडू विकत घेता येतो. संघ मात्र जागचा हलत नाही. आणि ह्याचे खरे कारण असे, की त्याला कोणी मागणीच घातलेली नाही. ज्या सामन्यास प्रेक्षक म्हणून दोन्ही संघांचे राखीव खेळाडू आणि एक चहावाला हजर असतो, ज्याचे ट्रॅकसूट स्पर्धा संपल्यावर येतात आणि प्रवासभत्ता पुढल्या आर्थिक वर्षात येतो, त्या संघाची निष्ठा मोडण्यास सात अब्ज डॉलर लागत नाहीत, हे आम्ही शपथेवर सांगू शकतो. पण जे काय चार पैसे लागतील ते घेऊनही दारात कोणी उभे नाही.

म्हणून आमची अशी तजवीज आहे, की ह्या बाबतीत शेंद्र्याने शेजारच्या कारखान्यांकडून धडा घ्यावा. महाराष्ट्रात 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालू आहे. तीत तालुक्यांची अ, ब, क, ड आणि ड+ अशी प्रतवारी असते, आणि तालुका जेवढा मागास तेवढी सवलत मोठी. परकीय मोटारींचा कारखाना ह्या माळावर उभा राहिला, ऑरिक नावाची नवी औद्योगिक नगरी वसली, 7 सप्टेंबर 2019 रोजी तिच्या भव्य प्रशासकीय इमारतीचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले, ते केवळ शेंद्र्याची हवा चांगली आहे म्हणून झाले असे कोणी मानत नाही. जमीन, वीज, मुद्रांक आणि कर ह्यांत सूट दिली असता कारखान्यास कोणतेही गाव मायभूमी वाटू लागते. हाच न्याय कबड्डीस लावावा. संघांचीही प्रतवारी करावी; सलग दहा वर्षे पहिल्याच फेरीत बाद होणाऱ्या संघास ड+ दर्जा द्यावा, आणि अशा मागास संघास जे क्रीडामंडळ पदरात घेईल त्यास मैदानाच्या मुरुमावर अनुदान द्यावे.

तेव्हा ह्या परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने पुढाकार घेऊन पश्चिम विभाग सोडावा आणि थेट अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळाकडे अर्ज करावा असे आम्ही सुचवितो. शेंद्र्यास समुद्र नाही ही हरकत स्टॅनफर्डच्या दाखल्याने निकालात निघते; तेथे समुद्र होता, पण भलताच होता. उत्पन्नाच्या वाट्याची अट तर आम्ही डॅलसपेक्षाही उदारपणे मान्य करू: नऊ वर्षेच काय, नव्वद वर्षे प्रक्षेपणाचा एक पैसा मागणार नाही, फक्त संघाच्या नेण्या-आणण्याची एसटी वेळेवर मिळावी. पोटगीचा प्रश्न उद्भवल्यास ती आम्ही देणार नसून घेणार आहोत, हे कलम ठळक अक्षरांत असावे. राज्यातील विद्यापीठांच्या क्रीडामहोत्सवाचे नाव अश्वमेध असल्याने, आमचा घोडा फिरत फिरत बोस्टनपर्यंत गेल्यास शास्त्राचा अडसर नाही, असेही परिशिष्टात नमूद करावे.

आमच्या परिचयातील एका क्रीडासंचालकांनी हा मसुदा वाचून एकच अडचण दाखविली. अशा अर्जास मूळ मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र जोडावे लागेल, आणि आमच्याकडे कोणत्याही दाखल्यास तीन खेपा, दोन मुदती व एक ओळख लागते, तेव्हा हे प्रकरण इथेच अडेल असे त्यांचे मत पडले. त्यांचा अनुभव दांडगा असला तरी ह्या ठिकाणी त्यांची चूक होत आहे, अशी आमची पक्की खात्री आहे. अर्ज टेबलावर पडताच, साहेबांची चहाची वेळ असूनही, प्रमाणपत्र त्याच बैठकीत, शिक्क्यानिशी आणि हसतमुखाने हाती पडेल. फक्त संघाच्या नावाची जागा त्यावर कोरी असेल, कारण ते दफ्तरात कोणाच्या लक्षात राहिलेले नाही, आणि ते आपणच भरून घ्यावे असे कारकून पेन पुढे करून सांगेल.