भिंतीवरचा भागीदार

परवाना म्हणजे शासनाने एका ठरावीक व्यक्तीला, ठरावीक जागी, ठरावीक धंदा करण्याची दिलेली मुभा, अशी त्याची शास्त्रोक्त व्याख्या असली, तरी जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या बाजारपेठेत त्याची व्यवहारातील व्याख्या थोडी निराळी आहे: परवाना म्हणजे दुकानातील असा भागीदार, जो गल्ल्याला हात लावत नाही, उधारी मागत नाही, दिवसभर काचेच्या चौकटीत भिंतीला टेकून असतो आणि तरीही ज्याच्या वाट्यावरून सर्वाधिक भांडणे होतात.

सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख कपाशीचा, आणि जिथे कपाशी तिथे कृषी सेवा केंद्र. अशा केंद्राला एक नव्हे, तीन प्रकारची परवानगी लागते: बियाण्यांसाठी 1983 च्या आदेशाखाली, खतांसाठी 1985 च्या आदेशाखाली आणि फवारणीच्या द्रव्यांसाठी, ज्यांना शेतकरी ‘औषध’ म्हणतो व कायदा ‘कीटकनाशक’ म्हणतो, 1968 च्या अधिनियमाखाली. 2015 च्या नियमदुरुस्तीने औषधविक्रीला शेतकी, रसायनशास्त्र किंवा तत्सम विषयातील शिक्षणाची अट जोडली, आणि पदवी आहे पण भांडवल नाही असा एक वर्ग व भांडवल आहे पण पदवी नाही असा दुसरा वर्ग एकमेकांना शोधू लागले. यांचे लग्न लावणाऱ्या कागदास करारनामा म्हणतात. त्याचे सार ‘परवाना तुझा, माल माझा, नफा निम्मा’ एवढेच असून उरलेली पाने मुद्रांकाची शोभा राखण्यासाठी असतात.

या संबंधाचा एक नियम असा की, तोट्यात करारनामा कोणी वाचत नाही. पहिल्या हंगामात पाऊस दगा देतो, उधारी अडकते आणि दोघे भागीदार एकमेकांना ‘भाऊ’ म्हणत एकाच कपातला चहा बशीत ओतून पितात. दुसऱ्या हंगामात मात्र बोंडे भरतात, वसुली होते आणि नफ्याच्या पहिल्या आकड्याबरोबर परवानाधारकास आठवते की चौकटीत नाव आपले एकट्याचेच आहे. तेव्हापासून भांडवलवाला त्याच्या लेखी नोकर ठरतो, भांडवलवाल्याच्या लेखी परवाना हा नुसता कागद ठरतो, आणि कालचा भाऊ वकिलाच्या नोटिशीत ‘सामनेवाला’ होतो.

खरी गंमत यानंतर आहे. भारतीय करार अधिनियम 1872 चे कलम 23 सांगते की ज्या कराराचा हेतू कायद्याने निषिद्ध आहे, तो करार शून्य, म्हणजे जन्मतःच मृत होय. दारूच्या परवान्यांबाबत हे तत्त्व पुरते कसाला लागले असून, नियमांनी बंदी असताना परवान्यात परस्पर भागीदार घेणाऱ्या पेढीला सर्वोच्च न्यायालयाने बिहारीलाल जयस्वाल प्रकरणात आयकरापुरतीही मान्यता नाकारली. तात्पर्य, जिथे परवाना दुसऱ्यास वापरू देण्यास मनाई आहे, तिथे आपला हक्क सिद्ध करण्यासाठी वादी जितका भक्कम पुरावा आणतो, तितका तो आपलाच अपराध भक्कम सिद्ध करतो.

त्यातच भागीदारीची नोंदणी केलेली नसते. 1932 च्या भागीदारी अधिनियमाचे कलम 69 अशा भागीदाराला कराराच्या हक्कासाठी एरवीच दावा लावू देत नाही. महाराष्ट्राने 1984 मध्ये एक पाऊल पुढे टाकून काही किरकोळ अपवाद वगळता पेढी मोडण्याचा व हिशेब मागण्याचा रस्ताही बंद केला, म्हणजे नोंदणीवाचून संसार मांडणाऱ्यास काडीमोडही नाही. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे भांडून वेगळे होण्याचा मूलभूत आनंद राज्यातील भागीदारांना परत मिळाला.

याच तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, म्हणजे शेतात धान्ये व खाद्यपदार्थ मांडून, रात्रीतून त्यांच्यात काय बदल झाला त्यावरून दुसऱ्या पहाटे पीकपाण्याचे आणि राजाच्या गादीचेही भाकीत वर्तवले जाते. दुकानाच्या गादीचे भाकीत तेथे होत नाही, आणि त्याची गरजही नाही. पीक चांगले आहे एवढे ऐकले की जाणत्यांना गादी हलणार हे कळते.

अखेर निवाडा कोर्टाबाहेर, दोन्हीकडच्या मामा-काकांसमक्ष होतो. भांडवलवाला माल नेतो, परवानाधारक चौकट नेतो, आणि दोघांत वाटता न आलेला खिळा तेवढा भिंतीवर उरतो, खाली चौकटीएवढ्या न मळलेल्या रंगासह. पुढच्या हंगामापूर्वी कोणीतरी त्यावर बियाणे कंपनीचे कॅलेंडर अडकवून जागा धरून ठेवतो.