आदी उपस्थित होते

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला, हे वाक्य आमच्या गावातल्या प्रत्येक भाषणात येतं. भाषण पाणीपुरवठ्याचं असो की कबड्डीच्या सामन्यांचं, सुरुवात रानड्यांपासून. ते वाढले कोल्हापुरात, शिकले मुंबईत, नाव काढलं पुण्यात. पण जन्मले इथं, आणि तेवढ्यावर आमचा हक्क कायम आहे. आता पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तविद्या विभाग ज्या इमारतीत भरतो, तिला सगळं जग रानडे इन्स्टिट्यूट म्हणतं. त्यामुळे मी पत्रकारिता शिकायला तिकडे जाणार म्हटल्यावर घरात जो विरोध व्हायला हवा होता, तो झालाच नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एवढंच विचारलं, "रानड्यांचंच आहे ना? मग परकं काय त्यात." रानडे 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागाचं संपादन करायचे हे मी सांगितल्यावर तर त्यांचा चेहरा असा झाला, की शिवाजीनगर स्टँडवर मला उतरवून घ्यायला रानडे स्वतः येणार आहेत.

शंका फक्त आईला होती. "बातम्या सांगायला शिकावं लागतं?" तिनं विचारलं आणि भिंतीपलीकडच्या काकूंच्या घराकडे पाहिलं. आमच्या गल्लीत या विषयाची पदवी कुणाकडेच नव्हती आणि कधी काही अडलंही नव्हतं.

वर्गात पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं: कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे. बातमीत या सहा प्रश्नांची उत्तरं हवीत. निफाडच्या स्टँडवर उतरलेल्या माणसाला हे सहाही प्रश्न रिक्षात बसायच्या आत विचारून होतात. शिवाय एक सातवा असतो, "कुणाची गं तू?" तो पुस्तकात नाही, हे मला अजूनही पटलेलं नाही. 'कोण' कळून आमच्याकडे काहीच कळत नाही. 'कुणाची' हे कळलं की काय, कुठे, केव्हा आणि विशेषतः का, हे समोरचाच आपल्याला सांगतो.

मग आला उलटा पिरॅमिड. सगळ्यात महत्त्वाचं वर, त्याहून कमी महत्त्वाचं त्याखाली आणि बिनमहत्त्वाचं शेवटी. जागा कमी पडली की उपसंपादकानं खालून कापत यायचं, बातमीला धक्का लागत नाही. वर्गात हे ऐकताना मला फार शास्त्रशुद्ध वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत मी गावातल्या एका वार्ताहराबरोबर फिरले तेव्हा कळलं, की आमच्या तालुक्यात हा पिरॅमिड सुलट उभा आहे.

या गृहस्थांचं झेरॉक्सचं दुकान आहे, विम्याची एजन्सी आहे आणि उरलेल्या वेळात लोकशाहीचा चौथा स्तंभ. पेपरकडून मानधन मिळतं ते पेट्रोलला पुरत नाही आणि जाहिरातींचं टार्गेट मिळतं ते दिवाळी अंकाला पुरून उरतं. त्यांनी मला एका हरिनाम सप्ताहाच्या सांगतेची बातमी लिहायला दिली. मी नेमानं पिरॅमिड उलटा केला: काल्याच्या कीर्तनात महाराजांनी व्यसनमुक्तीवर काय सांगितलं ते वर, गर्दी मधे, बाकीचं खाली. त्यांनी ती शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, महाराज पुढच्या वर्षी पुन्हा हेच सांगणार आहेत. पंगत कुणी दिली ते लिहा."

त्यांचं म्हणणं साधं होतं. कार्यक्रम झाला हे गावाला माहीतच असतं, कारण गाव तिथंच बसलेलं असतं. पेपर विकत घ्यायचा तो आपलं नाव बघायला. त्यामुळे कार्यक्रम दोन ओळींत, आणि त्याखाली 'यावेळी' या शब्दानंतर अकरा ओळी नावं. बातमीचा खरा ऐवज तिथं, तळाशी. आणि नाशिकच्या डेस्कवरचा उपसंपादक पुस्तकात वाचल्याप्रमाणे नेमका खालूनच कापत येतो! सहा-सात नावांवर त्याची कात्री थांबते आणि उरलेल्या गावाला तो 'आदी' करून टाकतो. 'आदी उपस्थित होते.' दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून दुकानात 'आदीं'ची रांग. एक सोसायटीचे संचालक आले ते थेट पेपर आपटूनच बोलायला लागले, "मी पहिल्या रांगेत बसेल होतो. महाराजांच्या गळ्यातला हार माझ्या पैशाचा होता. हाराचा फोटो आहे, मी आदीत!"

आदीत गेल्याची तक्रार न करणारे आमच्या तालुक्यात फक्त नांदूरमधमेश्वरचे पक्षी. हे अभयारण्य २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. दर हिवाळ्यात बातमी येते, की क्रौंच, थापट्या, चक्रवाक आदी विदेशी पाहुणे दाखल झाले. हजारो किलोमीटर उडत यायचं आणि आदीत बसायचं. पण एकानंही आजवर फोन केलेला नाही.

याच वार्ताहरांचा ६ जानेवारीला तहसीलच्या आवारात सत्कार असतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच दिवशी 'दर्पण' काढलं, म्हणून तो पत्रकार दिन. शाल, श्रीफळ, फोटो. सत्कार संपला की सगळे सत्कारमूर्ती आपापल्या दुकानात जाऊन आपल्याच सत्काराची बातमी लिहितात. त्या एका बातमीत मात्र मी 'आदी' कधी पाहिलं नाही.

आता कांदा. कांद्याशिवाय निफाड तालुक्यातल्या माणसानं लिहिलं तर लोक दाखला मागतील. लासलगाव आमच्याच तालुक्यात. तिथल्या बाजार समितीचे भाव रोज येतात ते तीन आकड्यांत: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. वस्तुनिष्ठतेवर वर्गात बरीच चर्चा झाली, पण बातमीदारीचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा दिसला नाही. विशेषण नाही, सूत्रं नाहीत, 'चर्चेला उधाण' नाही. फक्त हे आकडे वाचायची रीत माहीत हवी. जास्तीत जास्त भाव हा कायम दुसऱ्याच्या कांद्याला मिळालेला असतो. सरासरी भाव कुणाला मिळतो ते आजवर आढळलेलं नाही. घरी येऊन सांगायचा तो कमीत कमी, म्हणजे पाहुणे उसने मागत नाहीत.

टीव्हीवर मात्र आकडा बघायची गरजच नसते. कॅमेरा कुठं उभा आहे ते पाहायचं. कॅमेरा दादरच्या मंडईत आणि समोर पिशवी धरलेल्या ताई असतील, तर कांदा महाग. कॅमेरा लासलगावला आणि समोर रस्त्यावर ओतलेला ट्रॅक्टर असेल, तर कांदा मातीमोल. भाव मधे असेल तर कॅमेरा येतच नाही, आणि शेतकऱ्याला नेमके तेच दिवस बरे जातात. पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी मुंबईचा कॅमेरा पाहून "मजा आहे बाबा तुमची" म्हणतात. लासलगावचा कॅमेरा पाहिलेली अजून कुणी भेटली नाही. मिसळीबरोबर कांदा मोजून आला की सगळ्याजणी माझ्याकडे बघतात, जणू वाटीत मीच हात आखडता घेतला.

बातमीमूल्यांच्या तासाला सरांनी 'जवळीक' शिकवली. घटना जितकी जवळची, तितका वाचकाला रस जास्त. मला आप्पा आठवले. आप्पा पेपर उघडतात तो दशक्रियेच्या जाहिरातींवर. तिथं ओळखीचं कुणी नसलं की सुटकेचा श्वास सोडून थेट विदेशाच्या पानावर जातात. मधली मुंबई, दिल्ली त्यांना लागत नाही. त्यांचा रस बांगलादेशात. आपला कांदा तिकडे जातो, त्यामुळे ढाक्याला कुणी शिंकलं तरी आप्पा रुमाल काढतात. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून गेल्या, तेव्हा आमच्या होस्टेलवर लोकशाही, विद्यार्थी आंदोलन, लष्कर अशा मोठमोठ्या गप्पा रंगल्या होत्या. आप्पांचा फोन आला, "तू पत्रकार ना? मग सांग, ट्रक सीमेवर थांबले का सुटले?" एवढ्या गप्पांमध्ये हा प्रश्न कुणाच्याही डोक्यात आला नव्हता.

पप्पांचं पान वेगळं. त्यांची द्राक्षं. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रात हुती बंडखोर जहाजांवर हल्ले करत होते, तेव्हा युरोपला निघालेले द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. आमच्या वर्गात येमेन नकाशावर दाखवा म्हटल्यावर तिघांनी इराणवर बोट ठेवलं. इकडे बागेत कात्र्या हातात घेऊन माणसं सुएझ कालवा, विम्याचा हप्ता आणि केप ऑफ गुड होप यांवर बोलत होती. मजूर बायकाही विचारायच्या, "ते हुती ऐकेना का अजून?" जणू हुती म्हणजे पलीकडच्या शिवारातलं, पाटाचं पाणी अडवणारं एखादं भावकीतलं कुटुंब.

दिल्लीचंही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, मग ते २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. परीक्षेत आर्थिक पत्रकारितेवर प्रश्न आला तेव्हा मी हा सगळा क्रम तारखांसकट लिहिला. कुठल्या पुस्तकातून घेतलं असं सरांनी विचारलं. जेवताना ऐकलं होतं.

थंडीची गोष्ट तर दर डिसेंबरची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा उतरला, की वाहिन्यांच्या गाड्या निफाडला चढतात. शेकोटीचं दृश्य हवं असतं, आणि गाड्या पोहोचेपर्यंत नऊ वाजून ऊन पडलेलं असतं. मग पुन्हा पाचट आणायचं, पुन्हा पेटवायचं, अंगातला काढलेला स्वेटर पुन्हा घालायचा. एका पोरीनं आप्पांसमोर माईक धरून विचारलं, "आजोबा, काय भावना आहेत?" आप्पा म्हणाले, "थंडीच्या?" ते प्रक्षेपित झालं नाही. खरी बातमी बांधावर होती. हीच थंडी गव्हाला मानवते आणि द्राक्षाचे मणी फुगायचे थांबवते. आमच्या एका बांधाला गहू, दुसऱ्याला बाग. म्हणजे आप्पा खूश आणि पप्पा पहाटे चारला बागेत धूर करायला. एकाच घरात 'गुलाबी थंडी' आणि 'हवालदिल बळीराजा' हे दोन्ही मथळे एका ताटात जेवतात.

सत्यशोधनाची मात्र माझी हौस गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपनं भागवली. आमच्याकडे ऊस आहे, त्यामुळे बिबट्या खरोखर आहे. कुत्रा माणसाला चावला तर बातमी होत नाही असं शिकवतात. आमच्याकडे बिबट्यानं कुत्रा नेला की त्याच्या मालकाचं नाव, गट नंबर आणि कुत्र्याचा स्वभाव यांसकट बातमी होते. तर एका रात्री ग्रुपवर व्हिडिओ आला: 'आत्ता, आपल्या मळ्यात, काळजी घ्या.' मी वर्गात शिकलेली सगळी हत्यारं बाहेर काढली. चित्र उलटं शोधलं, सावल्या पाहिल्या, आणि जाहीर केलं की बिबट्याच्या मागे चहाचे मळे आहेत. निफाडात चहा पितात, पिकवत नाहीत. पाच मिनिटं ग्रुप गप्प. मग एका काकांनी लिहिलं, "बिबट्या फिरतीवर असतो." त्यांना अंगठे माझ्यापेक्षा जास्त पडले.

सकाळी काकूंना मी समजावत होते, की खोट्या बातमीनं समाजाचं नुकसान होतं. त्या शेंगा निवडत म्हणाल्या, "असंल बाई. पण काल पहिल्यांदा आमचं पोरगं दिवेलागणीला घरात होतं." या युक्तिवादाला आमच्या अभ्यासक्रमात उत्तर नाही. ग्रंथालयातही शोधलं.

शेवटच्या सत्रात सरांनी माध्यम-रोजनिशी लिहायला सांगितली. दिवसभरात काय वाचलं, पाहिलं, ऐकलं ते सगळं, प्रामाणिकपणे. माझं पान असं: केसांच्या तेलाचं रील, युद्ध, मांजर, युद्धावर एका मांजराचं मत, घावन, पुन्हा युद्ध, झोप. पेपर हातात घेतल्याची नोंद नव्हती. पेपरच्या पीडीएफचा फोटो कुणीतरी स्टेटसला ठेवला होता तो पाहिल्याची होती. हे पान भावी पत्रकाराचं म्हणून देणं बरं दिसेना. मग मी घरी फोन लावून आप्पांची रोजनिशी उतरवून घेतली आणि 'ग्रामीण वाचकाचा अभ्यास' असं नाव देऊन जोडली: दशक्रिया, ढाका, भाव, रेडिओ, पारावर खातरजमा, रेडिओ, झोप.

सरांना ती आवडली. फक्त 'पारावर खातरजमा' याच्या समासात त्यांनी लाल पेनानं लिहिलं, 'स्रोताची विश्वासार्हता तपासावी.' ते मी आप्पांना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ रेडिओच ऐकू येत होता.

"मार्क किती दिले?" त्यांनी विचारलं.

"दहापैकी आठ."

"दोन कशाचे कापले?"

"पाराचे."

"सरांना म्हणावं, सुट्टीत या इकडं, पार दाखवतो. जेवायलाच या." मग आवाज खाली आणून, "आणि येताना त्यांना विचारून ठेव, ढाक्याकडं त्यांच्या ओळखीचं कुणी आहे का."