दिवाणाखालची दिवाळी

महाराष्ट्रात पाळीव प्राण्यांची दिवाळी वसुबारसेला सुरू होते आणि त्यांच्या सन्मानाचा भाग त्याच संध्याकाळी संपतो. गाय-वासराला ओवाळले जाते. फ्लॅटमध्ये गाय नसल्याने चित्रावर भागते. कुत्र्यामांजरांसाठी आपल्या पंचांगात सोय नाही. नेपाळने ती केली आहे. तिथे तिहार सणातला एक दिवस कुत्र्यांचा, कुकुर तिहार. त्या दिवशी कुत्र्याच्या कपाळी टिळा, गळ्यात झेंडूची माळ आणि पुढ्यात गोडधोड असते. हा दिवस साधारण आपल्या नरकचतुर्दशीच्या सुमारास येतो. आपल्याकडेही त्या दिवसांत काही गल्ल्यांमध्ये कुत्र्याला माळ मिळते. पण ती लवंगीची असते आणि गळ्यात नव्हे, शेपटीला बांधतात.

माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे आणि मांजराला त्याहूनही वरचे. फटाक्यांसाठीची कायदेशीर आवाजमर्यादा, फुटण्याच्या ठिकाणापासून ४ मीटरवर १२५ डेसिबल, ठरवताना कोणाचा कान समोर होता हे ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येते. शिवाय हे ४ मीटर मोजायला सुतळी बॉम्बच्या वातीजवळ टेप घेऊन कोणी उभा राहत नाही.

वेळेचे नियमही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. सुजाण नागरिक हा वेळ फराळ, फोटो आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि दहानंतर निवांतपणे खाली उतरतात. अभ्यंगस्नानाच्या पहाटेचे फटाके तर परंपरेत मोडतात, आणि परंपरेला घड्याळ लागू होत नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘मुक्या प्राण्यांचा विचार करा’ हा संदेश हात जोडलेल्या चिन्हासह येतो आणि त्याच्याच खाली रॉकेटचा व्हिडिओ येतो. पाठवणारा बहुधा एकच असतो.

या सगळ्यात घरचा कुत्रा दिवाणाखाली असतो, जुनी सुटकेस आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाशी, तोंडातून लाळ गळून फरशी ओली. एरवी डब्याचे झाकण वाजताच स्वयंपाकघरात हजर होणारा हा प्राणी नाकासमोर चकली धरली तरी हुंगत नाही. घरातले वडीलधारे म्हणतात, ‘होईल सवय.’ सवय होत नाही. आवाजाची भीती पुष्कळदा दर वर्षी वाढत जाते. सवय लावायचीच असेल तर कित्येक आठवडे आधी, अगदी हळू आवाजातल्या ध्वनिमुद्रणापासून सुरुवात करावी लागते, आणि ते धनत्रयोदशीला आठवून उपयोग नसतो. जवळ घेतल्याने लाडावतो आणि जास्त घाबरतो, हीसुद्धा एक लोकप्रिय समजूत. भीती लाडाने वाढत नाही. त्याला हवे असेल तर जवळ बसावे, दिवाणाखालीच राहायचे असेल तर ओढून बाहेर काढू नये.

बाकी उपाय साधे आहेत. अंधार पडण्याआधी फिरवून आणावे, खिडक्या-पडदे बंद करावेत, पंखा आणि टीव्ही चालू ठेवावा. गळपट्ट्यावर फोन नंबर असावा, कारण फराळाला आलेले पाहुणे दार उघडे ठेवून अर्धा तास निरोप घेतात आणि घाबरलेला प्राणी तेवढ्यात दोन चौक ओलांडतो. औषध द्यायचे तर पशुवैद्याला विचारूनच. आजोबांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा हे औषध नव्हे. काही जुनी गुंगीची औषधे अंग सुस्त करतात, भीती मात्र जागीच ठेवतात. मालकाला ‘शांत झोपलाय’ असे समाधान मिळते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कोणता दवाखाना उघडा आहे, याची चौकशी आठवडाभर आधी करून ठेवलेली बरी.

पुढचा धोका प्रेमातून येतो. ‘आमच्या घरचाच आहे तो’ म्हणून त्याला सगळे पदार्थ भरवले जातात. चिवड्यातल्या आणि करंजीतल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेटमधले थिओब्रोमीन त्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडते. मधुमेही काकांसाठी आणलेल्या साखरविरहित गोडात झायलिटॉल असेल तर काकांचे काही बिघडत नाही, कुत्र्याची साखर मात्र झपाट्याने उतरते.

मांजरांचा प्रश्न थोडक्यात संपतो: पणती उंचावर ठेवली तरी मांजर तिथे पोचते, आणि आकाशकंदिलाची लोंबती वायर हे तिच्या मते खेळणेच असते. गॅलरीतल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला धूर आपल्यापेक्षा किती तरी जास्त बाधतो. त्याला आत घ्यावे. तो देशी पोपट असेल तर त्याला पाळणेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने पोलिस चौकीत तक्रार द्यायला मालक सहसा जात नाही.

राहिली शेपटीची माळ. प्राण्याला ठार मारले किंवा पंगू केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र नुसता छळ केला, तर प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी केलेला १९६० चा कायदा लागतो आणि पहिल्या गुन्ह्याला किमान १० रुपये, कमाल ५० रुपये दंड होतो. तीन वर्षांच्या आत पुन्हा केले तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली ५० रुपये ही रक्कम मोठी होती. आज सुतळी बॉम्बचा एक बरा खोका त्याहून महाग पडतो.