मायनस साब

नानांना बर्फाचं काही पडलेलं नाही, त्यांना मायनस लागतं. डोंगर ढगात गेले तरी चालतात, दल सरोवर धुक्यात बुडालं तरी चालतं, पण दिवसातून एकदा शून्याखालचा आकडा नजरेखालून गेला नाही तर त्यांना जेवण गोड लागत नाही. डोंबिवलीत पारा वीसवर आला की कानटोपी घालून दार उघडणारे हेच गृहस्थ गुलमर्गला जाकिटाची चेन उघडी टाकून हिंडतात आणि दातावर दात आपटणाऱ्या माणसाला सांगतात, "छे हो, कुठे एवढं! मायनस चारच तर आहे."

उभी हयात बँकेत गेली. तिथे कुणाच्या खात्यात मायनस दिसलं की यांना घाम फुटायचा, रात्रीची झोप उडायची. निवृत्त झाल्यावर मात्र त्याच चिन्हापायी हा माणूस थेट काश्मीरला पोचला. बँकेच्या ओळखपत्राची निळी पट्टी अजून गळ्यात असते, फक्त ओळखपत्राच्या जागी थर्मामीटर लटकतो. डेअरीवाले डीप फ्रीजरमध्ये ठेवतात तसला, काचेच्या नळीतल्या लाल रेघेचा. बँकेतली सवय म्हणून मागे चिकटपट्टीवर स्वतःचं नाव आणि फ्लॅट नंबर.

हा थर्मामीटर वाचण्याचा विधी सोसायटीतल्या सहलीकरूंना पाठ झालाय. हात लांब करायचा, मान वळवायची, श्वास रोखायचा. माणसाच्या अंगच्या उबेवर नानांचा भारी राग. गोंडोलाच्या, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेच्या, रांगेत त्यांनी पुढच्या-मागच्या माणसांना हाताने बाजूला सारलं. एक बाई नुसत्याच "काय बाई ही थंडी" म्हणाल्या, तर नाना कळवळून ओरडले, "अहो, बोलू नका! तुमच्या वाफेने अर्धी डिग्री गेली!" त्या बाई पुढे अख्खी सहल नानांच्या दहा फुटांत आल्या नाहीत.

आकडा वाचून झाला की मग हिशेब. बँकेत पैचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा हा माणूस इथे मात्र सढळ हाताने खाली जातो. साडेतीन असेल तर चार धरायचे, कारण आपण उन्हात उभे आहोत. त्यात वारा. मग "फील" येतो. प्रत्यक्ष मायनस चार, फील मायनस नऊ, आणि ग्रुपवर मेसेज पडतो तेव्हा आकडा चौदावर गेलेला असतो.

हे सगळं कुणासाठी? व्याह्यांसाठी. नानांची लेक मिनियापोलिसला असते, आणि नातवाचं कारण काढून व्याही ऐन जानेवारीत तिकडे मुक्काम ठोकतात. तिथल्या थंडीपुढे काश्मीरची थंडी म्हणजे आपली माथेरानची सहल. एकदा व्याह्यांनी सहज लिहिलं, "आज इथे दहा." नानांनी त्या दिवशी आख्ख्या मजल्याला पेढे वाटले. अमेरिकेत दहा आणि आपल्याकडे मायनस सहा, म्हणजे काय! संध्याकाळी लेकीचा फोन आला. बाबा, ते फॅरनहाइट आहे, म्हणजे आपले मायनस बारा. नाना गॅलरीत जाऊन बसले. तेव्हापासून ते कुठलाही परदेशी आकडा आधी बत्तीस वजा करून, मगच वाचतात, आणि उणे चाळीसला दोन्ही मापं एक होतात ही गोष्ट त्यांना नियतीने ठेवलेल्या तहासारखी वाटते.

आमच्या सोसायटीच्या त्या सहलीत श्रीनगरच्या हॉटेलात पहाटे साडेपाचला दारं वाजली. भूकंप समजून आम्ही पांघरुणासकट बाहेर आलो. नाना मफलर सावरत उभे. "नळ गोठला!" चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद. चिल्लई कलानचे दिवस होते. २१ डिसेंबरपासूनचे हे चाळीस दिवस म्हणजे काश्मिरी हिवाळ्याचा कणा, पहाटे नळातलं पाणी काचेसारखं होतं आणि लोक फेरनच्या, म्हणजे अंगातल्या सैल झग्याच्या, आत कांगडी धरून बसतात. कांगडी म्हणजे वेताच्या विणीतलं मातीचं भांडं, आत निखारे. हॉटेलच्या पोऱ्याने नानांपुढे कांगडी आणली, तर नाना थर्मामीटर छातीशी धरून दोन पावलं मागे सरकले. बिचाऱ्याला वाटलं साहेब विस्तवाला भितात. आमच्या आंघोळी मात्र त्या दिवशी राहिल्या.

तंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या, भाड्याचे गमबूट आणि कुणा पाच जणांनी आधी वापरलेले लांब कोट अंगावर चढवले, वर गेलो. गुलमर्गला गोंडोलाचे दोन टप्पे. पहिला कोंगडोरीला उतरवतो, तीन हजार मीटरच्या जरा वर. दुसरा अफरवाट डोंगराच्या अंगावर, चार हजारांच्या जरा खाली. बाकीचे लोक दुसऱ्या टप्प्याचं तिकीट डोंगर बघायला काढतात. नानांनी हॉटेलच्या पॅडवर गणित केलं होतं. हजार मीटर चढलं की साडेसहा डिग्री कमी. गुलमर्ग साडेसव्वीसशेवर, म्हणजे वर जाऊन आठ डिग्री तरी जास्तीच्या मिळणार. "आठ डिग्रीला एवढे पैसे काही फार नाहीत," असं त्यांनी बायकोला, म्हणजे माईंना, पटवलं. माईंनी पर्समधून पैसे काढताना एवढंच विचारलं, "आणि घरी नेता येतात का त्या?"

वर हवा लख्ख होती. दूर नंगा पर्वत दिसत होता. तो रोज दर्शन देत नाही, म्हणून सगळे लहान पोरांसारखे बोटं दाखवत होते. नाना त्याच्याकडे पाठ करून, श्वास कोंडून, लाल रेघेकडे बघत होते. मायनस तेरा! खरे तेरा, फीलबील काही नाही. त्यांनी थरथरत्या हाताने मोबाइल काढला, थर्मामीटरवर नेम धरला, आणि त्या क्षणी मोबाइल बंद पडला. थंडीत बॅटरी अशीच दगा देते, सत्तर टक्के दाखवत असताना डोळे मिटते. नानांनी तो फोन काखेत धरला, टोपीत घातला, माईंच्या शालीत गुंडाळला. चालू झाला तेव्हा आम्ही खाली उतरून कहवा पीत होतो. जेवढ्या लोकांनी तो आकडा डोळ्यांनी पाहिला त्या सर्वांच्या सह्या नानांनी कागदावर घेतल्या. माझीही आहे.

"अहो, नंगा पर्वत तरी पाहिलात का?" माईंनी विचारलं.

"तो काय, पुढच्या वेळीही असेल."

पुढची वेळ २०२४च्या जानेवारीत आली. अशा माणसाबरोबर मी पुन्हा का गेलो हे मला बायकोचंही विचारून झालंय.

त्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच नव्हता. ऐन चिल्लई कलानमध्ये उतारांवर तपकिरी गवत आणि गोंडोलाखाली माती. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात त्या हिवाळ्यात कमजोर पडले होते, आणि श्रीनगरची दुपार दिल्लीपेक्षा उबदार अशा बातम्या येत होत्या. एका देवदाराच्या सावलीत तेवढा मळकट बर्फाचा तुकडा शिल्लक होता. त्यावर आडवं पडून फोटो काढायला रांग लागलेली. "गवत येऊ देऊ नकोस हं फ्रेममध्ये," असं एक वडील मुलाला बजावत होते. आमच्यातल्या एका गृहस्थांनी टूर मॅनेजरसमोर माहितीपत्रक उघडून त्यातल्या पांढऱ्याशुभ्र फोटोवर बोट ठेवलं आणि "हा कुठाय?" असं विचारलं. मग पैसे परत मिळण्याचा विषय निघाला. डोक्यावरचं आभाळही कंपनीनेच भाड्याने आणलंय अशा आवाजात लोक भांडत होते.

नाना खूश असायला हवे होते, कारण मायनस होतं. श्रीनगरला त्या पहाटे मायनस पाच, नळही गोठलेला. पण गुलमर्गच्या स्टँडजवळ एका भिंतीला लाकडी स्लेज उभ्या करून ठेवलेल्या होत्या, दोऱ्या गुंडाळून. त्यांच्या शेजारी बसलेल्या एका माणसाने नानांच्या गळ्यातली निळी पट्टी पाहिली आणि तो उठून उभा राहिला. "अरे, मायनस साब!" मागच्या वेळी यानेच नानांना ओढलं होतं. अर्ध्या उतारावर थांबवून नानांनी आकडा वाचला होता, ते तो विसरला नव्हता. ही मंडळी मराठी सहलीकरूंबरोबर राहून मराठीत पटाईत झालेली असतात. तो म्हणाला, "मायनस आहे साब. बर्फ नाही."

नानांना ते कळेना. मग त्याने आकाशाकडे बोट केलं. ढग नाही, म्हणून रात्री सगळी गरमी वर निघून जाते, म्हणून मायनस. ढग आला तर रात्र जरा गरम होईल, पण बर्फ देईल. आणि बर्फ यायचा तर आत्ताच यायला हवा. चिल्लई कलानचा बर्फ कडक होतो, उन्हाळाभर झऱ्यांना आणि शेतांना पुरतो. उशिरा आलेला चार दिवसांत वाहून जातो.

नाना बराच वेळ स्लेजच्या पट्ट्यांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आकडा बरोबर, पण खातं रिकामं."

पुढे जे झालं ते मी स्वतः पाहिलं नसतं तर लिहिलं नसतं. नानांनी विचारलं, स्लेजचे किती? तो म्हणाला, बर्फ नाही साब. नाना म्हणाले, ते मला दिसतंय, किती ते सांग. आठशे. नाना म्हणाले, पाचशे. मग त्या कोरड्या ठणठणीत गवतावर, मुळीच न घडणाऱ्या फेरीसाठी, दोघांनी पंधरा मिनिटं घासाघीस केली. साडेसहाशेवर सौदा पटला. नानांनी नोटा मोजून दिल्या, पावती नाही म्हणून कुरकुरले, त्याचा नंबर लिहून घेतला. स्लेजमध्ये मात्र बसले नाहीत. "माणसाने ओढायचं आणि आपण बसायचं, मला तसंही आवडत नाही," असं मला तिरसटासारखं सांगून चालू लागले. मागच्या वेळी नानांनीच आवाज चढवून "जरा जोरात!" म्हटलेलं मी ऐकलं होतं.

डोंबिवलीला परतल्यावर रोज सकाळी त्या स्लेजवाल्याला फोन. "पडला का?" नाही पडला. ग्रुपवरचे आकडे थांबले. व्याही मिनियापोलिसहून मायनस बावीस, मायनस चोवीस टाकत राहिले, त्यांना इकडून साधा अंगठाही जाईना. महिन्याच्या शेवटी, चिल्लई कलान उठता उठता, एका सकाळी व्हिडिओ आला. भिंतीला टेकलेल्या त्याच स्लेज, वरची कडा पांढरी, हवेत भुरभुर, आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "मायनस साब, आ गया!" नानांनी तो सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, बँकेच्या निवृत्तांच्या ग्रुपवर टाकला, आणि मग पुन्हा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. व्याह्यांनी खवचटपणे विचारलं, "किती आहे तिथे?"

नानांनी लिहिलं, "शून्य."

हा आकडा त्यांनी खाली ओढला नाही, त्याला फीलही जोडला नाही. फेब्रुवारीत तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही झाल्या. त्यांचा प्रत्येक फोटो नानांकडून मला आला आहे, स्पर्धा त्यांनीच भरवल्यासारखा.

आता पुन्हा ठरतंय. दुसरा टप्पा, अफरवाट, नंगा पर्वतासकट. माईंनी मोबाइलसाठी जाड लोकरीची पिशवी विणली आहे, बटणसुद्धा लावलंय. मी म्हटलं, थर्मामीटरलाही एक विणायची.

"त्याला कशाला?" माई सुया गुंडाळत म्हणाल्या. "तो गारठला तरच कामाचा. हे मात्र गारठले की मला रात्रभर पाय चोळत बसावं लागतं."