जुन्या मोटारीचे सुटे भाग : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात एक विवेचन

दर्जा वाढला की किंमत चढते आणि मागणी आटली की ती उतरते, हे अर्थशास्त्राचे दोन्ही नियम जुन्या मोटारींच्या सुट्या भागांना लागू पडत नाहीत, हे तपासून पाहण्यास पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना असून २०१७ पासून त्याच कारखान्यात जीपची ‘कंपास’ ही गाडीही तयार होते; म्हणजे खेड्यापाड्यांनी दोन पिढ्या मोटार म्हणून ओळखलेली दोन्ही नावे तेथील महागणपतीच्या शेजारी नांदत आहेत. तरीही ज्या बागायतदाराच्या गोठ्यालगत १९७० च्या दशकातील फियाट किंवा तिच्याहून जुनी जीप उभी असते, त्याला काचेभोवतीच्या रबरी पट्टीसाठी, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील बीडिंगसाठी, रांजणगाव ओलांडून थेट पुणे-मुंबई गाठावी लागते. याचे कारण वंशावळीत आहे. ती फियाट वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात परवान्यावर बनविली व पुढे ‘पद्मिनी’ या नावाने विकली, तर जुनी जीप १९४७ पासून महिंद्रांनी जुळवायला घेतली. त्यामुळे रांजणगावच्या गाड्यांशी त्यांचे नाते आडनाव एक पण सातबारा वेगळा, अशा स्वरूपाचे आहे.

बाजारात हे भाग चार प्रतींत मिळतात. पहिली प्रत ‘ओरिजिनल’, म्हणजे मूळ कारखाना चालू असताना बनलेला, परंतु विकला न गेल्याने मेणकागदात राहिलेला माल. वयाबरोबर त्याची किंमत वाढत जाते आणि रबराचा दर्जा त्याच वयाबरोबर उतरत जातो, त्यामुळे दुकानातील सर्वांत महाग रबर हे बहुधा सर्वांत ठिसूळही असते. दुसरी प्रत भंगारातील, जी दुसऱ्या गाडीच्या मरणानंतर कुर्ल्याच्या भंगारबाजारात किंवा पुण्याच्या मंगळवार पेठेत बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अवतरते. तिसरी प्रत ‘डुप्लिकेट’. ती नवी, चकचकीत व स्वस्त असते आणि गाडीवर बसेपर्यंत तिच्यात कोणताही दोष आढळत नाही. चौथी प्रत लेथवर करून घेतलेली, आणि तिचा दर्जा संपूर्णपणे लेथवाल्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर अवलंबून असतो. या चारही प्रतींची किंमत ठरविताना विक्रेता वस्तूकडे कमी आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे अधिक पाहतो, कारण छापील किंमत केव्हाच कालबाह्य झालेली असते, चेहऱ्यावरील आशा मात्र ताजी असते.

मागणी आटल्यावर किंमत का चढते, हेही येथे स्पष्ट होते. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर त्यांच्यासाठी भाग बनविणे लहान उत्पादकांना परवडत होते. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली आणि रोजचे गिऱ्हाईक जाऊन केवळ हौशी गिऱ्हाईक उरले, ज्याच्याकडून रोजचा दर घेणे कोणत्याही दुकानदाराला गैर वाटते. जीपचे नशीब त्या मानाने बरे, कारण हरियाणातील मंडी डबवालीसारख्या गावांत जुन्या-नव्या भागांतून अख्खी जीप उभी करून दिली जाते, आणि मग तिच्यातील मूळ जीप नेमकी कोणती, असा प्रश्न विचारणारा अरसिक ठरतो.

दर्जाचा खरा कस रबरात लागतो. ब्रेक ऑइलला एका जातीचे रबर लागते व पेट्रोलला दुसऱ्या जातीचे. उलटसुलट वापरल्यास ते फुगते किंवा सुटते, परंतु दोन्ही जाती काळ्याच असल्याने काउंटरवर त्यांच्यात भेदभाव केला जात नाही. त्यात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले, आणि इथेनॉल जुन्या पंपाच्या पडद्याला व नळ्यांना मानवत नाही. हे इथेनॉल उसापासूनही बनते आणि दोन्ही तालुके उसाचे आहेत. त्यामुळे आपल्याच उसाने आपली फियाट न्हावरे-चौफुला रस्त्यावर बंद पाडण्याचा मान येथील शेतकऱ्याला मिळू शकतो.

मापांचा प्रश्न वेगळाच. जीपचे बोल्ट इंचाच्या मापाचे, फियाटचे मिलिमीटरचे, आणि मिस्त्रीचे सुताचे, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शाचे. या तिघांची गाठ पडली की बोल्ट दोन आटे सुखाने फिरतो, पुढचे आटे पान्याच्या जोराने फिरतात, आणि नंतर आटे उरत नाहीत. स्वस्ताईचा हिशेबही असाच चुकतो. समजा, ब्रेकचे दोनशे रुपयांचे रबर तीनदा बदलावे लागले, तर दर वेळी चाक उतरविणे, ऑइल भरणे व नळीतील हवा काढणे यांची मजुरी धरून ते त्या दुकानातील सर्वांत महाग रबर ठरते.

शिरूर तालुक्याने मात्र उलटा मार्गही दाखविला आहे. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर तयार करण्यात आला. म्हणजे ज्या भागांच्या शोधात मालक जुना बाजार पालथा घालत होते, त्यांतील काही भाग तालुक्यातच नांगरणी करीत होते. त्याच आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने हवी ती वस्तू घडविण्याची कार्यशाळा, सुरू झाली. त्यामुळे माप घेऊन भाग घडविणे ही कल्पना येथे परकी नाही.

कायद्याची भूमिका सर्वांत समंजस आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला २० हजार रुपये शुल्क भरून ‘व्हिंटेज’ म्हणून दहा वर्षांची नोंदणी मिळते, मात्र ती नित्य रस्त्यावर आणता येत नाही. ज्या गाडीचे भाग मिळत नाहीत तिच्याबाबत ही अट पाळणे मालकाला फारसे जड जात नाही. जड जाते ते फक्त लग्नसराईत. वरातीत पाहणाऱ्यांचे लक्ष बंपरच्या क्रोमकडे असते आणि नवरदेवाचा जीव ब्रेकच्या रबरावर. खर्चाची विभागणी मात्र बहुतेक मालक पाहणाऱ्यांच्या बाजूने करतात.