नेटाचे खाडे

माझ्या आत्याला अन्न टाकलेलं चालत नाही आणि डेटाही. आळे गावातल्या जुन्या घरात ती एकटी राहते, वय ७७. पोरानं भरलेल्या २९९ च्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी मिळतो आणि उरलेला रात्री बाराला बुडतो, ही माहिती कुण्या शहाण्यानं तिला पुरवली. तेव्हापासून जेवण आटोपलं की ती फोन तांब्याला टेकवून कीर्तन लावायची, ते थेट मध्यरात्रीपर्यंत. बुवा थकायचे, आत्या नाही. "पैसं मोजल्यात. वाया कशापायी घालवायचं?" सकाळी डोळे लाल, पित्त खवळलेलं, पण डेटा चाटूनपुसून साफ.

रिचार्जचा महिना २८ दिवसांचा असतो हे कळल्यावर तर तिनं कपाळाला हात लावला. म्हणजे वर्षाला तेरा महिने! अधिकमास तिला मान्य आहे, पण तो तीन वर्षांनी येतो आणि जावयाला अनारसे तरी मिळतात. ३० दिवसांचा एक तरी प्लॅन ठेवा, असं दूरसंचार नियामक ट्रायनं २०२२ मध्येच कंपन्यांना बजावलं होतं. आळेफाट्यावरच्या दुकानात तो आपणहून कुणी काढून दाखवत नाही, एवढंच.

बरं, हा डेटाही घरात धड शिरेना. भिंती दगडमातीच्या, दीड हात रुंद. धड रेंज फक्त ओट्यावर, आणि दिवेलागणीनंतर ओट्यावर बसायची सोय नाही, कारण जुन्नर तालुक्यात उसातून निघालेला बिबट्या कुणाच्या दारात येईल याचा नेम नाही. आमच्याच तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. सुमारे ८.८ अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेल्या हायड्रोजनच्या लहरी तिनं पकडल्याचं शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये जाहीर केलं. वाटेत दुसरी एक दीर्घिका भिंगासारखी आडवी आली, म्हणून तो क्षीण संदेश मोठा होऊन पोचला म्हणे. आत्या आणि टॉवर यांच्या मध्ये मात्र आजोबांनी बांधलेली भिंत आडवी येते, आणि ती काहीही मोठं करत नाही.

शेवटी घरी वायफाय घ्यायचं ठरलं. आम्ही भाचेमंडळींनी पुण्यात बसून खल केला. डोंगलला पुन्हा रेंजच लागणार, म्हणून तो बाद. छपरावर डबा बसवून हवेतून येणारं नेट महाग, ५९९ पासून पुढं. तारेच्या फायबरचा ३९९ चा प्लॅन मात्र पसंत पडला. जीएसटी धरून ४७१. रिचार्जपेक्षा महागच, पण नेटशिवाय नुसत्या बोलण्याचे पॅक ठेवायला ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना भाग पाडलंय, तेव्हा मोबाईलचा खर्च उतरणार होता. आम्ही स्वतःवर खूश झालो आणि केबलवाल्या पोराला आत्याकडे धाडलं.

आत्यानं उभी हयात आळेफाट्याच्या बाजारात कांद्याचा दहा किलोचा भाव करण्यात घालवली आहे. तिनं पोराला चहा दिला आणि विचारलं, "लाइट गेल्यावर?"

आमच्यापैकी एकालाही हा प्रश्न सुचला नव्हता. तिचा जुना काळा फोन अंधारातही वाजायचा, कारण त्याच्या तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच वीज पाठवायचं. फायबर म्हणजे काच, त्यातून नुसता उजेड येतो. घरातली डबी चालवायला घरचीच वीज लागते. पोरगा चाचरत म्हणाला, "आजी, छोटी बॅटरी मिळती, हजार-दीड हजारात. दोन-तीन तास चालंल."

"मग ती तू बसवून दी. सहा म्हैन्याचं पैसं आगाऊ घे."

त्यानं बसवून दिली. वर, आत्याला खूश करावं म्हणून सांगितलं, "महिन्याला ३३०० जीबी वापरा."

मला रात्री फोन. आवाज घाबरा. "आरं, दिवसाला एकशे धा जीबी! येवढी कीर्तनं आनू कुठनं?" संपवायची सक्ती नाही, हे तिला पटवता पटवता माझाच घसा बसला. पटलं नाहीच. तिनं शेजारच्या पोरांना ओट्यावर बसवून पासवर्ड वाटला. मोबदल्यात एक जण गिरणीतून दळण आणतो, एक जण तिच्या पेन्शनीचा हयातीचा दाखला फोनवर चेहरा दाखवून काढून देतो. तिसऱ्यानं तिला बोलून शोधायला शिकवलं. फोन मराठीत उत्तर देतो याचं आम्हाला कौतुक, आत्याला नाही. ज्या गावात माउलींनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे, तिथं डबडं बोललं तर त्यात काय मोठं?

मग उसाचा हंगाम सुरू झाला आणि कारखान्याकडे निघालेल्या एका उंच ट्रॉलीनं गल्लीतली वायर ओढून नेली. दोन दिवस नेट बंद. आत्यानं तक्रार केली नाही, ओरडली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे मांडलेले असतात, त्यांच्या शेजारी दोन चौकटींत लाल पेन्सिलीनं फुल्या मारल्या.

सहा महिन्यांनी पोरगा पुढचे पैसे मागायला आला. आत्यानं त्याला कॅलेंडरापुढं उभं केलं.

"आजी, कंपनीत असं खाडं धरत न्हाईत."

"गवळी धरतो. तू काय त्याच्याहून मोठा?"

पोरानं मोबाईलवर हिशोब केला. आत्याचा आधीच झाला होता. दिवसाला १५ रुपये ७० पैसे, दोन दिवसांचे ३१ रुपये ४० पैसे.

"वरचं चाळीस पैसं सोडलं तुला," आत्या म्हणाली. "च्या घेतो का?"