काटा ऐंशीवर, भत्ता फेरीवर

समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूर-मुंबई आठ तासांवर आले, असे सांगण्यात आले. हे आठ तास अर्थातच मोटारीचे. मोटारीला तिथे ताशी १२० ची मुभा आहे, ट्रकला ८० ची. ट्रकवाल्याने नागपूरला पेडलवर पाय ठेवला आणि थेट आमण्याला उचलला, मध्ये चहा नाही, डिझेल नाही, झाडामागे जाणे नाही, तरी त्याला पावणेनऊ तास लागणार.

इथे २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा घसा खाकरत असे. ड्रायव्हरचे काम दिवसाला आठ तास, असे तो म्हणे. आठ ऐंशी सहाशे चाळीस. म्हणजे दोन्ही कायदे पोटतिडकीने पाळणारा ट्रक इगतपुरी ओलांडल्यावर, मुक्काम ६१ किलोमीटरवर दिसत असताना, हमरस्त्यात कायदेशीरपणे उभा राहिला असता. घाबरण्याचे कारण नव्हते. लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगी काढून दहा तासांपर्यंत काम घेता येत असे. शिवाय ज्याच्याकडे पाचपेक्षा कमी कामगार असत, त्या मालकाच्या दारात हा कायदा सहसा जातच नसे. दोन ट्रकवाल्या शेठचा ड्रायव्हर अशा रीतीने आठ तासांच्या जाचातून मुक्त होता.

गव्हर्नरच्या जाचातून मात्र तो मुक्त नाही. गव्हर्नर म्हणजे स्पीड गव्हर्नर, सरकारी मराठीत वेगनियंत्रक. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११८ पूर्वीपासून होताच. १५ एप्रिल २०१५ च्या अधिसूचनेने त्याला दात आले. नव्या मालवाहू गाड्यांना १ ऑक्टोबर २०१५ पासून गव्हर्नर कंपनीतूनच बसून येऊ लागला. सर्वसाधारण ट्रकला ताशी ८०. डंपर, टँकर, धोकादायक माल नेणारी गाडी आणि शाळेची बस यांना ६०. पेट्रोलचा टँकर आणि दुसरीतली मुले यांना एकाच रकान्यात बसवण्याइतकी समदृष्टी एरवी फक्त संतांकडेच आढळते. राज्याच्या गव्हर्नरांनी सही अडवली तर निदान कोर्टात जाता येते. हा गव्हर्नर थेट डिझेल अडवतो. काटा ऐंशीला टेकला की पाय कितीही दाबा, इंजिनाला जास्तीचा घोट मिळत नाही.

त्यात गैर काही नाही. चाळीस टन घेऊन उतारावर सुटलेली गाडी ऐंशीवरसुद्धा लगेच थांबत नाही, मग शंभरावर ती कोणाच्या नशिबात थांबेल हे सांगता येत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे कमी वेगात डिझेलही वाचते. फक्त हे वाचलेले डिझेल जाते कुठे, एवढा एक भाबडा प्रश्न उरतो. ते मालकाच्या खात्यात जाते. आणि त्यासाठी लागलेला जादा वेळ? तो ड्रायव्हरच्या.

कारण ड्रायव्हरच्या कमाईचे गणित घड्याळावर चालत नाही. महिन्याचा पगार असलाच तर नावापुरता. खरी मिळकत भत्त्याची, आणि भत्ता फेरीचा. कुठे शेठ एकरकमी खर्ची हातावर ठेवतो, त्यात डिझेल, जेवण, पंक्चर आणि वाटेतले जे काही असेल ते भागवायचे आणि उरेल ते आपले. गव्हर्नरमुळे महिन्याकाठी दहाच्या जागी नऊ फेऱ्या झाल्या, तर दहावीचा भत्ता बुडाला. सुरक्षिततेचा हा हप्ता भरतो कोण, तर ज्याच्या नावावर ना गाडी ना माल. मग पासिंगपुरता जोडलेला गव्हर्नर आरटीओच्या फाटकाबाहेर पडताच मुका होतो. एक वायर निघते, आणि घरचा किराणा भरतो. यंत्राशी छेडछाड करणारे बेजबाबदार ड्रायव्हर यांच्यावर मग परिसंवाद भरतात. परिसंवादाला येणाऱ्या वक्त्यांचे मानधन किलोमीटरवर नसते.

या विद्येत अमेरिका आपल्या पुढे आहे. तिथल्या लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला उघडउघड मैलावर पैसे मिळतात. दिवसाला जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची, आणि २०१७ च्या डिसेंबरपासून त्या तासांची नोंद गाडीतले इलेक्ट्रॉनिक यंत्र ठेवते, त्यामुळे वहीत रात्रीची झोप रंगवून लिहिण्याची कलाही संपली. आता ताशी ७० मैलांऐवजी ६५ वर गाडी बांधली, तर मोकळ्या रस्त्यावरच्या ११ तासांत ५५ मैल कमी. मैलाला ६० सेंट धरले तर दिवसाला ३३ डॉलर गेले. तास तेवढेच, डोळे तेवढेच लाल. जादा कामाचा दुप्पट नाही तर दीडपट मोबदला द्यावा असे सांगणारा १९३८ चा कायदा तिथे आहे, पण आंतरराज्य ट्रक ड्रायव्हरांना त्यातून वगळलेले आहे. २०१६ मध्ये तिथल्या सरकारने जड गाड्यांना ६०, ६५ की ६८ मैलांवर बांधावे असा प्रस्ताव मांडला. मोठ्या कंपन्यांना फारशी अडचण नव्हती, त्यांच्यातल्या अनेकांनी डिझेल वाचवायला आपल्या गाड्या आधीच बांधून घेतल्या होत्या. कोण ओरडले? स्वतःच्या ट्रकचे हप्ते स्वतःच भरणारे. नऊ वर्षे खल चालला आणि २०२५ मध्ये प्रस्ताव गुंडाळला गेला. ड्रायव्हरांचा विजय झाला, असे जाहीर झाले. म्हणजे जास्त जोरात पळण्याचा हक्क शाबूत राहिला. मैलाऐवजी तासावर पैसे द्या, ही गोष्ट त्या विजयोत्सवात कुणाला आठवली नाही तर नवल नाही. विजयोत्सवात कोण हिशेब काढतो?

युरोपने निराळाच वाह्यातपणा केला. तिथे १९९२ च्या निर्देशानंतर जड ट्रक ताशी ९० वर बांधले गेले. परिणामी ९० ने जाणारा ट्रक ८९ ने जाणाऱ्याला ओलांडू पाहतो, दोघे मैलन्‌मैल शेजारी शेजारी चालतात आणि मागे मोटारींची वरात साचते. जर्मन लोक याला हत्तींची शर्यत म्हणतात. इथवर ठीक. पण २००६ च्या नियमावलीत त्यांनी दहाव्या कलमात भलतेच लिहून ठेवले: किती अंतर कापले, किती लवकर पोहोचवले, किती माल नेला यावर ड्रायव्हरला असे पैसे किंवा बक्षीस देऊ नका, ज्याने रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल. म्हणजे त्यांनी गव्हर्नर इंजिनाला तर बसवलाच, वर हिशेबनिसाच्या टेबलालाही बसवला. अंमलबजावणी तिथेही डावी-उजवी होत असेल. तरी कागदावर का होईना, वेग हा पायातून नव्हे तर पाकिटातून येतो, एवढे त्यांना कळले.

आपल्याकडे असा शहाणपणा नाही असे समजून उगीच खंतावू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम १८३ कपाटातून काढून पाहावे. वेगमर्यादा ओलांडणाऱ्याला दंड, जड गाडी असेल तर दोन ते चार हजार, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच कलमात आपल्या नोकराला तसे चालवायला लावणाराही दोषी धरला आहे. आणि त्याच्याही पुढे जाऊन कलम म्हणते की, एखादा प्रवास अमुक वेळेत पुरा करा अशी आज्ञा दिली आणि वेगमर्यादा पाळून तो त्या वेळेत होणे शक्य नाही असे कोर्टाला वाटले, तर ती आज्ञा हाच आज्ञा देणाऱ्याविरुद्धचा सकृद्दर्शनी पुरावा.

आता जरा कान द्या. ‘‘काय पण कर, सकाळी सहाला गाडी पार्टीच्या दारात लागली पाहिजे.’’ या वाक्याचा पुरावा रोज रात्री राज्यातल्या हजारो मोबाईलवर तयार होतो, काही वेळा व्हॉइस मेसेज म्हणून जपलाही जातो. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात इतका मुबलक पुरावा असलेला दुसरा गुन्हा नसेल. कॅमेरा मात्र हायवेच्या कमानीवर लागतो, शेठच्या गादीवर नाही. ई-चलान गाडीच्या नंबरावर निघते, शेठच्या मोबाईलवर वाजते आणि पुष्कळ ठिकाणी महिनाअखेरीस ड्रायव्हरच्या हिशेबातून वजा होते.

वेळ वाचवण्याचे बाकी सगळे उपाय देशाने केले आहेत. मुंबईची जकात ३० जून २०१७ ला गेली, जीएसटी आला, राज्याराज्यांच्या सीमेवरचे करतपासणी नाके उठले, फास्टॅग आला. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये आता थंड हवाही आली: १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. ज्या ट्रकने नाक्यावर दोन तास वाचवले, तो कारखान्याच्या गेटावर ते दोन तास व्याजासह परत करतो. तिथे आधी काटा, मग गेटपास, मग हमालांचे जेवण, मग ‘मॅडम उद्या येतील’. या थांबण्याला किलोमीटर नाहीत, म्हणून भत्ताही नाही. ताशी ८० च्या पुढे जाऊ नये यासाठी यंत्र निघाले. ताशी शून्यावर किती वेळ उभे करावे याला मर्यादा घालणारे यंत्र अजून कोणी पेटंट केलेले नाही. त्याचे संशोधन कठीण आहे असेही नाही. रिक्षाला ते आहे, त्याला वेटिंगचा मीटर म्हणतात.

तूर्त एका गोदामाबाहेर, कडुनिंबाखाली, एक सोळाचाकी उभी आहे. इंजिन बंद, गव्हर्नर शाबूत, सीलसुद्धा जागेवर. ड्रायव्हर स्टोव्हवर पिठलं ढवळतो आहे. फोन वाजतो.

‘‘कुठं आहेस रे?’’

‘‘गेटावरच शेठ.’’

‘‘अजून? परवा पोचलास ना?’’

‘‘नंबर लागला नाही.’’

‘‘बरं, खाली झाली की लगेच निघ. उद्या सकाळी इथं भरायचीय.’’

‘‘सहाशे किलोमीटर आहे शेठ.’’

‘‘मग? रात्रीचा रस्ता मोकळाच असतो.’’

ड्रायव्हर फोन ठेवतो, पिठलं उतरवतो आणि क्लीनरला पक्कड आणायला सांगतो.